उंबरावरच्या डाव्या गोगलगायी

आबा, साऱ्या जगाला पदर झाडायला लावलंत आणि स्वतः मात्र टोपली झाकून नावेतनं आणलीत. नाही म्हणू नका, मी घाटावर धुणं धूत होते, या डोळ्यांनी पाहिलंय. बेटावरनं नावेत पाय ठेवायच्या आधी बायकांनी पदर झाडायचा, गड्यांनी धोतराचा सोगा झाडायचा, वहाणा आपटायच्या, देवीच्या बेटावरची वाळकी काडीसुद्धा अलीकडं यायची नाही, हा कायदा कुणाचा? तुमचाच. कुरुंदवाडच्या एका बड्या बाईला तुम्ही भरल्या नावेतनं खाली उतरवलंत. "नावाडी हाईस का फौजदार?" म्हणाली ती. "नावाडी तुमचा, राखणदार देवीचा. झाडा पदर," म्हणालात. आणि त्याच नावेत तुमच्या पायाशी ओल्या फडक्याखाली टोपली! चार दिवस आधी तो गोरा साहेब येऊन गेलेला, खोक्यात कापूस पसरून शंखशिंपले गोळा करणारा. टोपलीनंतर आठवड्यात मला इरकली लुगडं. कुठनं आणलं विचारलं, तर "नदीनं दिलं." नदी लुगडी विणते व्हय? त्याच थंडीत तुम्ही प्लेगानं गेलात, गावाबाहेरच्या खोपीत, आणि मला जवळ येऊ दिलं नाही. नाहीतर तेव्हाच तोंडावर विचारलं असतं. लुगडं कधीच विरलं. संशय विरला नाही.

महाराजांनी पोरींना शाळेत घाला म्हटल्यापासनं माझी धाकटी लेक जाते, तिच्याच पाटीवर मी अक्षरं गिरवली आणि आता तुम्हाला लिहितेय. चुकलं तर चुकू द्या, तुम्हाला तरी कुठं वाचता येत होतं.

बेटावरच्या गोगलगायी मात्र तुम्ही वाचल्या होत्या. झाडावर जन्मायच्या, झाडावरच मरायच्या, जमिनीला अंग लावायच्या नाहीत. एक तळहातावर घेऊन तुम्ही मला दाखवताय, टोक वर धरून. "बघ, हिचं तोंड डाव्या हाताला. काठावरच्या समद्या उजव्या." मी विचारते, का? तुम्ही वल्ह्यावर हनुवटी टेकता. "पाण्यानं बेट तोडलं, तवापासनं ह्यांची सोयरीक आपसातच. कवातरी एक डावी निपजली आसंल. तिची डावी, तिच्या पोरींची डावी. आता उजव्याशी ह्यांचं जुळतच न्हाई, आंगाला आंग लागत न्हाई." तुम्ही पाच पावसाळे बेटावरच एका मडक्यात दोन्ही ठेवून बघितल्यात म्हणे. एक अंडं नाही. हे बेट गेलं की ही जात गेली, म्हणालात. बेटाच्या कडेची ढेकळं पाण्यात सुटत होती, तिकडं बघत म्हणालात.

नऊ वर्षांची असताना मी परकराच्या ओच्यात गोगलगाय आणली, तेव्हाची थप्पड अजून कानात आहे. नदी दुथडी भरलेली, आई ओरडत होती, आणि तुम्ही एका गोगलगायीसाठी नाव लोटलीत. ज्या फांदीवरची त्याच फांदीवर ठेवून आलात. भिजलेले, दात वाजत होते. मला मारून वर माझ्याशीच दोन दिवस अबोला. असला माणूस टोपली भरून साहेबाला देईल? पण माणसाचं काय सांगावं! तुम्ही गेल्यावर पुढच्याच पावसाळ्यात पूर आला, बेटावरची झाडं मुळासकट गेली. मी म्हटलं, बरं झालं, विकणाऱ्याची लाज पाण्यानं झाकली.

आणि आता भाद्रपदात माहेरी आले, तर घाटावरच्या आपल्या उंबरावर, वरच्या ढोलीपाशी, गोगलगायी. बोटानं टोक वर केलं. डावी. दुसरी डावी. तिसरी डावी. धाकट्या भावाला हाक मारली, तर तो कुऱ्हाडीला धार लावत बसलेला. पितृपंधरवडा सरला की उंबर पाडणार, गुऱ्हाळाच्या भट्टीसाठी.

"त्यावर बेटातल्या गोगलगायी हाईत, पाडू नगंस."

"अक्का, गोगलगायींसाठी झाड ठिवू? मग भट्टीत काय दाजींच्या मिशा घालू?" मग कुऱ्हाड बाजूला ठेवली. "आबांनी ठिवल्या आसतील तर गोष्ट येगळी. देवीच्या पायावर हात ठिवून सांग, आबांनीच ठिवल्यात. मग झाडाला हात लावत न्हाई."

मी, जी गल्लीत कुणाला ऐकत नाही, तिला शपथ घेता आली नाही. टोपली मी पाहिली, पण ती कुठं रिकामी झाली ते पाहिलं नाही. साहेबाच्या खोक्यात की उंबराच्या ढोलीत? आणि दुसरंही एक आहे. ते आईला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, म्हणून हा कागद. त्या दिवशी ओच्यात दोन होत्या, आबा. एक तुम्ही हिसकावलीत. दुसरी मी मुठीत धरून पळाले आणि या उंबराच्या ढोलीत लपवली. दुसऱ्या दिवशी बघितलं तर नव्हती, मेली समजले. पोटात अंडी घेऊन आली असेल तर? मग ही सगळी माझ्या चोरीची पिलावळ, आणि मी देवीपुढं तुमचं नाव घेऊन खोटं बोलणार.

तेव्हा ऐका. सर्वपित्रीला धाकटा तुमचं पान घाटावर मांडेल. हा कागद टपालात कुठं घालू, माझ्या कमरेलाच खोचलेला असेल. खर्डा-भाकरी मी स्वतः करते. टोपली उंबरावर रिकामी केली असेल, तर सूर्य डोक्यावर यायच्या आत कावळा होऊन शिवा. उशीर झाला की धाकटा पान गाईला घालून मोकळा होईल आणि दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड उचलेल. अबोला पुरे झाला. सर्वपित्रीला, दुपारच्या आत, उत्तर पाहिजे.