ठकी बाटली का घेत नाही

९ नोव्हेंबर, शनिवार दुपार

काकू,

नमस्कार. तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. काका आता भिंतीला धरून दारापर्यंत येतात हे वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे सगळे ठीक. माझ्या लेकाला, बोक्याला, खालचे दोन दात आलेत आणि दिसेल त्याला तो चावत सुटलाय. मी पुन्हा दुकानात जायला लागले. दिवसभर चष्म्याच्या काचा घासायच्या. मान मोडून येते, पण हातांना काम आहे.

तुम्ही फोन करायला सांगितलं होतं. मी दोनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत ठेवून दिला. लिहिलेलंच बरं. लिहिताना माणसाला मध्ये थांबता येतं.

आधी ठकीचं सांगते. तुम्ही लिहिलंय की बाटली तोंडाशी नेली की ती पाठ ताठ करते, मान फिरवते आणि घसा बसेपर्यंत रडते. पावडर बदलली, बूच बदललं, तरी तेच. काकू, बाटलीचा नाद सोडा. वाटी-चमचा घ्या. तिला आडवी घेऊ नका, मांडीवर बसवा, तोंड खिडकीकडे, म्हणजे तिला येणारे-जाणारे दिसतील. पहिले तीन चमचे ती थुंकेल, तेही नेमके तुमच्या अंगावर. चौथा घेईल. मऊ शिजवलेलं सगळं ती खाते, फक्त भरवणाऱ्याने आपणही तोंड हलवायला हवं, नाहीतर तिला संशय येतो.

झोपवताना अंगाई म्हणू नका. अंगाईने तिला खेळावंसं वाटतं. पाठीवर थोपटत, जरा चढ्या आवाजात, ‘चला, पुढे सरका, पुढे जागा रिकामी आहे’ असं म्हणत राहायचं. तुम्हाला चमत्कारिक वाटेल. तिची आई तसंच म्हणायची. पाच मिनिटांत पोरगी गार.

आता बाटलीचं कारण. तुमच्या जावयांनी तुम्हाला सांगितलंय की आई गेल्यापासून ठकी पावडरच्या दुधावरच होती. ते खरं नाही. त्यांच्यावर रागावू नका. परक्या बायकांचं दूध म्हटल्यावर तुम्हाला कसं वाटेल, या भीतीने ते तसं बोलले असतील. ठकीने बाटली कधी पाहिलीच नव्हती. सव्वाचार महिने तिला आम्ही तिघींनी पाजलं. सकाळी मी, दुपारी मास्तरीण, संध्याकाळी कॅन्टीनवाली, आणि तिघींपैकी जी जवळ असेल ती अधूनमधून.

आम्ही कोण, हे तुम्हाला नीट कुणी सांगितलेलं दिसत नाही. तेव्हा सांगते.

आम्ही चौघी दोन दिवसांच्या आत बाळंत झालो आणि एकाच खोलीत आलो. चार खाटा, एक पंखा. मास्तरणीला जुळं झालेलं, म्हणून ती कायम दमलेली. कॅन्टीनवालीचं तिसरं, म्हणून ती कायम शहाणी. मी पहिलटकरीण. आई लहानपणीच गेलेली, नवरा कामासाठी बाहेरगावी. माझ्या खाटेशी कुणी नसायचं. आणि खिडकीपाशी तुमची मुलगी, पोटाला टाके असूनही उशीला टेकून बसलेली, जणू खोली तिच्याच ताब्यात दिलीय. पहिल्याच संध्याकाळी भेटीच्या वेळी मास्तरणीचं निम्मं सासर एकदम आत घुसलं, तशी ती ओरडली, “आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या!” आम्ही इतक्या हसलो की तिचे टाके दुखायला लागले आणि ती आम्हालाच शिव्या घालायला लागली. त्या दिवसापासून ती आमची कंडक्टर.

घरी गेल्यावर सगळं संपेल असं मला वाटलं होतं. दवाखान्यातल्या ओळखी तेवढ्यापुरत्याच. पण पाचव्या दिवशी ती ठकीला छातीशी बांधून माझ्या दारात उभी. मी तोंडही धुतलं नव्हतं. बोक्या रडत होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते. तिने त्याला उचललं, मला विचारलं काहीच नाही. मीच बोलले. म्हटलं, “मला हे मूल आवडत नाही.” असं कुणी आई बोलते का, काकू? ती म्हणाली, “मलाही सोमवारी आवडत नाही. बुधवारपर्यंत पुन्हा आवडायला लागतं. तुझा आज सोमवार आहे, एवढंच.” मग तिने मला न्हाणीघरात ढकललं आणि बाहेरून कडी लावली. अर्ध्या तासाने काढली.

त्यानंतर रोज अकराला आम्ही मास्तरणीच्या घरी जमायचो, कारण तिची बैठकीची खोली मोठी. दोन जिने चढावे लागत, पण चढायचो. सतरंजीवर पाच पोरं ओळीने निजवलेली. एकीने झोपायचं, एकीने केस धुवायचे, एकीने पोरं बघायची आणि एकीने बोलायचं. बोलायचं काम बहुतेक कंडक्टरकडेच. तुमच्याबद्दलही ती खूप बोलायची. काकांना उचलून बसवताना तुमची कंबर जाते, म्हणून तुम्हाला इकडे बोलवायचं नाही, आपलं रडगाणं ऐकवायचं नाही, असं तिने ठरवलेलं. तुमचा फोन आला की ती उठून खिडकीशी जायची आणि म्हणायची, “मजेत आहे गं आई.” आणि खोटं नव्हतं ते. ते नऊ आठवडे आम्ही मजेत होतो. मला बहीण नाही. बहीण असणं म्हणजे काय, ते मला त्या सतरंजीवर कळलं. कुणाचं मूल कुणाच्या मांडीवर आहे, याचा पत्ता नसायचा. एकदा मास्तरणीने बराच वेळ एकाला थोपटून झोपवलं आणि मग म्हणाली, “अगं, हा माझा नाहीच!”

जूनमधल्या त्या गुरुवारीही आम्ही तशाच जमलो होतो. ती उशिरा आली. जिना चढताना दोनदा थांबली, ते मी वरून पाहिलं. दारात येऊन तिने ठकीला माझ्या हातात दिलं. “धर गं, दम लागलाय,” एवढंच म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली. मग बसलेली कलंडली. कॅन्टीनवालीने तिचं डोकं मांडीवर घेतलं, मास्तरणीने गाडी बोलावली. गाडी आली. सगळं झटपट झालं, कुणी कशात कसूर केली नाही. दवाखान्यात तिला आत नेलं आणि मी बाहेर बाकावर ठकीला घेऊन बसले. थोड्या वेळाने ठकी भुकेने रडायला लागली. तिची आई दाराच्या पलीकडे होती. मी कुणाला विचारलं नाही, पदर घेतला आणि तिला पाजलं. ती पीत असतानाच डॉक्टर बाहेर आले. तुमचे जावई अजून पोचायचे होते, म्हणून ते माझ्याशीच बोलले. पायात रक्ताची गाठ झाली होती, ती छातीत गेली, म्हणाले. मी ऐकत होते आणि ठकी पीत होती. मला उठता येईना. उठले असते तर तिचं पिणं तुटलं असतं.

पाजायचं असं सुरू झालं. कुणी ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरीण आली आणि म्हणाली, “आण इकडे, माझी पाळी.”

गेल्या महिन्यात तुमच्या जावयांनी सांगितलं की काका आता सावरलेत, आजी म्हणतेय पोरीला घेऊन या. बरोबरच होतं ते. त्या माणसाला नोकरी सांभाळून पोर सांभाळणं होत नव्हतं आणि तुमचा हक्क पहिला. निघायच्या सकाळी आम्ही तिघींनी त्यांच्या घरी जायचं ठरलं होतं. मी गेले नाही. दुकानाला सुट्टी होती, तरी किल्ली घेऊन गेले, शटर अर्धं ओढून आत बसले आणि एकाच काचेची कड तासभर घासत राहिले. घासून घासून ती काच चौकटीत बसेनाशी झाली. ठकीने जाताना मागे वळून पाहिलं का, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही. अंगावरचं दूध अजून तिच्या वेळेला येतं. बोक्या तेवढं पीत नाही. मोरीत टाकावं लागतं.

तुमच्या पत्राच्या शेवटच्या दोन ओळींचं उत्तर मी टाळतेय, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्ही विचारलंय, “शेवटी शेवटी तिला काही दुखतखुपत होतं का? कुणाला काही बोलली होती का?”

हो काकू. बोलली होती. मला बोलली होती.

आदल्या दिवशी, बुधवारी, घरी परतताना ती माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आली. म्हणाली, “ही डावी पोटरी बघ गं, जरा सुजल्यासारखी वाटते. ठणकते फार.” तिने पाय पुढे केला. मी पाहिलं न पाहिलंसं केलं. म्हटलं, “नऊ वर्षं बसमध्ये उभी राहिलीस, आता दुखणारच. बाळंतपणानंतर सगळ्यांचंच दुखतं.” तिने विचारलं, “उद्या सकाळी येतेस दवाखान्यात? ठकीला घेऊन एकटीने रांगेत बसायचा कंटाळा येतो.” बोक्या त्या दिवसांत सकाळी दोन तास सलग झोपायला लागला होता. ते दोन तास मला माझे हवे होते. मी म्हटलं, “शुक्रवारी लस द्यायला सगळ्याच जातोय की. तेव्हाच दाखवू.” ती म्हणाली, “बरं.” हट्ट केला नाही. तिने हट्ट केला असता तर मी गेले असते, असं मी स्वतःला सांगते. पण तो तिचा स्वभावच नव्हता. दुसऱ्याला ओढून न्यायची, स्वतःसाठी मात्र एकदाच विचारायची.

आणि बुधवारी सकाळी मी झोपले नव्हते म्हणून, दमले होते म्हणून, असं काहीही नाही. मी ठणठणीत होते. फक्त नको वाटलं.

हे मी पाच महिने कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, त्या दोघींनाही नाही. मला भीती होती की त्यांना कळलं तर त्या ठकीला माझ्या हातात देणार नाहीत. तुमचं पत्र आलं आणि परवा मी मास्तरणीकडे गेले. कॅन्टीनवालीही आली होती. दोघींसमोर पत्र ठेवलं आणि सांगून टाकलं. म्हटलं, आता काय म्हणायचं ते म्हणा.

मास्तरीण म्हणाली, “मला सोमवारी म्हणाली होती. मी म्हटलं, पाय उशीवर ठेवून झोप.”

कॅन्टीनवालीने तोंडावर हात ठेवला. ती म्हणाली, “मला मंगळवारी. मी गरम पाण्याची पिशवी दिली. तीन बाळंतपणं काढलेली बाई मी. मला वाटलं, मला कळतं.”

काकू, हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. आपण एकटीच नव्हतो, असं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. तोपर्यंत मला वाटायचं की तिने एकदा विचारलं आणि मी नाही म्हटलं. आता कळलं की ती तीन दिवस, रोज एक, अशी तीन दारं वाजवत आली. तिन्ही दारं तिच्या सख्ख्या बहिणींची होती. आणि तिन्ही दारांतून आम्ही तिला प्रेमानेच परत पाठवलं.

परवा आम्ही तिघी त्याच खोलीत बसलो होतो. रडलो नाही. मास्तरणीची जुळी रांगत येऊन आमच्या पायांना धरून उभी राहायला बघत होती. निघताना कॅन्टीनवाली म्हणाली, “हे काकूंना लिही. तिघींचंही लिही. माझं वगळू नकोस.” म्हणून लिहिलं. रविवारी भेटायचं ठरलंय आमचं. भेटू असं वाटतं. आता एकमेकींपासून लपवायला काही उरलं नाही, आणि एकमेकींकडे बघवतही नाही. दोन्ही खरं आहे.

तुम्ही आम्हाला माफ करावं, असं मी लिहिणार नाही. तुम्ही विचारलंत आणि तुम्हाला कळायला हवं होतं. तुम्ही स्वतःला दोष देत असाल, आपण लेकीच्या बाळंतपणाला गेलो नाही म्हणून. तो देऊ नका. तुम्ही दूर होता. आम्ही दोन गल्ल्यांवर होतो.

तुम्हाला वाटलं, तर ठकी चमच्याने दूध प्यायला लागली का, तेवढं एका ओळीत कळवा. नाही कळवलंत तरी मी समजेन.

काकांना नमस्कार. ठकीला

इथे काय लिहावं, ते मला सुचत नाही.

तुमच्या मुलीने सगळ्यात शेवटी जिला विचारलं,
ती