ढोलावर थांबलेले हात

क्लातेन, २ मे १९८८

चि. वार्सितोस ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

रोजे नीट चाललेत ना, की फोटोंच्या नादात नुसतेच उपास घडताहेत? घरचा गामेलान वाद्यांचा ताफा आणि त्याचा धंदा माझ्या गळ्यात टाकून तू बांडुंगला गेलास, त्याला वर्ष झालं. लग्नाच्या सुपाऱ्या मी घेते, वाद्यं भाड्याने मी देते, वादकांचे रुसवेही मीच काढते. कलावंत तेवढा तू!

झटका आल्यापासून बाबांचं बोलणं अडखळतं, पण हात शाबूत आहेत. त्यांचा एकच हट्ट आहे. आई गेंदेरच्या काशाच्या पट्ट्यांवर जी सुरुवात वाजवायची, ती एकदा कानावर पडावी. गेंदेर बोलल्याशिवाय बाबांचा ढोल उठत नाही, हे तुला मी काय सांगू! आईने ती सुरुवात तुझ्याच हातात घातली, मला चुलीशी ठेवलं. ईदला ये. कॅमेरा आण हवा तर, पण एकदा गेंदेरपुढे बस.

इकडची माया पातळ झालेली नाही, तिकडचीही होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
लास्मिनी

बांडुंग, २० ऑगस्ट १९८८

ती. ताईस सा. न. वि. वि.

ईदला तू केलेल्या नारळाच्या रसातल्या कोंबडीची चव अजून जिभेवर आहे. निघतानाचा तुझा अबोलाही लक्षात आहे. मी वाजवलं नाही, म्हणून ना? ताई, सातव्या वर्षापासून वाजवत आलो. लोक जेवायचे, आपण वाजवायचं. जरा चुकलं की बाबा बोटांवर दांडी हाणायचे. पुढे धंदाही माझ्याच बोकांडी बसला. आता त्या पट्ट्या नुसत्या दिसल्या तरी बोटं खिशात जातात. कॅमेऱ्यामागे मला कोणी मारत नाही.

आनंदाची बातमी म्हणजे ईदला अंगणात काढलेला बाबांचा फोटो इथल्या प्रदर्शनात पहिला आला. मांडीवर ढोल, दोन्ही हात वर थांबलेले. नाव दिलंय ‘विश्रांती’. लोक त्यासमोरून हलत नाहीत. मोठी प्रत पाठवतोय, बाबांना नक्की दाखव.

राग राहिला तरी चालेल, लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
वार्सितो

क्लातेन, ९ सप्टेंबर १९८८

वार्सितोस,

बाबा मंगळवारी पहाटे गेले. दुपारी मातीही झाली. तुला तार केली होती, तर घरमालकाने कळवलं की तू फोटो काढायला डोंगरात गेलायस.

तुझा फोटो मिळाला होता. विश्रांती म्हणे! वाद्यं तूच अंगणात मांडून घेतलीस. समोर गेंदेर पाहून त्यांना वाटलं, आता हा बसणार. म्हणून त्यांनी हात उचलले. तू म्हणालास, असेच राहा, हलू नका, ऊन चाललंय. ते हलले नाहीत. तू कॅमेरा पिशवीत घालून चहा मागितलास, तरी हात वरच होते. शेवटी मीच ते खाली घेतले.

तुला मारायचे ते चुकलंच त्यांचं, मी त्यावर पांघरूण घालणार नाही. पण म्हाताऱ्याला ताटकळत ठेवायचं आणि त्याचंच बक्षीस घ्यायचं, हे मला पचत नाही.

सोमवारी फोटो त्यांच्यापुढे धरला. बराच वेळ पाहत राहिले. मला वाटलं, स्वतःला ओळखलं नसेल. मग अडखळत म्हणाले, की मी तयार आहे, त्याला म्हणावं, सुरू कर.

लास्मिनी