पान ४६ वर चहा

४ ऑगस्ट २०२५, सोमवार
आजपासून 'निरगुडसर फिरते मासिक मंडळ' सुरू. एक अंक, पाच घरं, प्रत्येकी चार दिवस. कव्हरच्या आत चिठ्ठी चिकटवली आहे. वाचून झालं की सही करायची आणि अंक पुढच्या घरी. एसटीत तीस वर्षं कंट्रोलर होतो, एवढ्या गाड्या सोडल्या. एक मासिक फिरवणं काय अवघड?
हेतू : वाचनसंस्कृती. दुसरा हेतू : वाचलेल्यावर बोलायला कुणी यावं. बायको कुशाला जाऊन दोन वर्षं झाली. घरात आता फक्त फ्रीज बोलतो.

६ ऑगस्ट
अंक आधी स्वतः वाचणार. अध्यक्षाने वाचलाच पाहिजे. संपादकीय दीड परिच्छेद झालं. विचारांना चालना मिळाली. चालना मिळाल्यावर पाच मिनिटं मोबाईल. एक माकड नारळ फोडतं, असं काहीतरी होतं. दीड तास गेला. चष्म्याचा नंबर बदलला असणार.

७ ऑगस्ट
अंक रवाना. वाचायचा राहिलाय, पण साधारण अंदाज आला.

२८ ऑगस्ट
अंक परत. पाच सह्या! शंभर टक्के वाचन. मधली दोन पानं छापखान्यातच चिकटलेली होती, ती अजून तशीच चिकटलेली आहेत. किती अलगद वाचतात आपले लोक. सरूबाईची सही तिच्या शेजारच्या किराणावाल्या भिकाच्या अक्षरात दिसते. शेजारधर्म म्हणायचा.
सलूनवाल्या गोरखला विचारलं, काय आवडलं? म्हणाला, "लई भारी व्हतं राव, पण फोटू कमी." म्हणजे पाहिलं तरी.

३ सप्टेंबर
थोडी शंका येते. म्हणून गुप्त योजना. नव्या अंकात पान ४६ वर, कथा संपते तिथे, पेन्सिलीने लिहिलं : 'इथवर वाचलंत? २८ तारखेला, रविवारी चार वाजता माझ्याकडे चहाला या. सयाजी.'
गर्दी झाली तर भिकाकडून खुर्च्या आणता येतील.

२८ सप्टेंबर, रविवार
दु. ३.३० : एक लिटर दूध. खारी, बिस्किटं. सहा कप धुतले. कुशाने हौसेने घेतलेले कप, दोन वर्षांनी खाली काढले.
४.०० : पडवीत खुर्ची टाकून हजर.
४.१० : दहा मिनिटं लेट म्हणजे वेळेवरच.
४.२० : वेळ जाईना म्हणून मोबाईल. समोरच्या गिरणीचा आवाज फार, म्हणून कानात वायर.
५.४५ : कुणी आलं नाही. कारणं : आभाळ भरून आलंय. आज मॅच आहे. कांद्याच्या रोपांची घाई आहे.
एक लिटर दुधाचा चहा दोन दिवस पुरेल. खारी सादळली.

३० सप्टेंबर
अंक परत. शेवटचं घर साळुबाईचं, रिटायर अंगणवाडीबाई. तिने तो भिकाच्या दुकानात आणून ठेवला होता. अंक उघडला नाही. उघडून काय पाहायचं? कपाटावर टाकला. या गावात वाचणारा मी एकटाच. मंडळ बरखास्त.

११ नोव्हेंबर
मोबाईल हौदात पडला. मंचरचा दुकानदार म्हणतो, पाच-सहा दिवस लागतील. उत्तम! वाचनाचा आठवडा.

१२ नोव्हेंबर
सप्टेंबरचा अंक काढला. आधी पान ४६ वरची पेन्सिल खोडावी म्हटलं, उगाच लाज. तर खाली निळ्या पेनाने लिहिलेलं :
'अण्णा, आले व्हते चारच्या पुढं. तीन हाका मारल्या. तुमी कानात वायरी घालून मोबाईलमधी हसत व्हता. तुमचं हसू मोडायला नको वाटलं. गोष्ट लई आवडली. तिच्यावर बोलायचं व्हतं. साळुबाई.'
पुन्हा पुन्हा वाचलं. मला रडू आलं. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

१३ नोव्हेंबर
साळुबाईच्या घराला कुलूप. भिका म्हणाला, "बाई दिवाळीतच लेकीकं गेली, चाकणला. आता न्हाई यायची." नंबर घेतला.
मोबाईल येईपर्यंत कथा वाचून ठेवायची. सहाच पानं आहेत.

१६ नोव्हेंबर
मोबाईलशिवाय घर खायला उठतं. चौकशीला मंचरला तीन फेऱ्या झाल्या. कथा उद्या नक्की.

१७ नोव्हेंबर
दुपारी मोबाईल मिळाला. तिथूनच फोन लावला. साळुबाईला इतका आनंद झाला की मला बोलायलाच सुधरेना. म्हणाली, हितं समदी आपापल्या मोबाईलमधी, बोलायला माणूस न्हाई. तुमी फोन केला, लई बरं वाटलं.
मग तिने विचारलं, "गोष्ट वाचली का?"
म्हणालो, दोनदा.
"मग शेवट कसा वाटला?"
काहीतरी बोलायला हवं होतं. म्हणालो, ती म्हातारी अखेर घरी परत आली, फार बरं वाटलं.
ती म्हणाली, "अण्णा, त्या गोष्टीत म्हातारी न्हाईच. दोन भाऊ हायेत आन् त्यांची इहीर." मी म्हणालो, हो हो, तेच ते. ती म्हणाली, बरं, ठिवते.

१८ नोव्हेंबर
कथा वाचली. शेवटपर्यंत. चांगली आहे.
साळुबाईला दोनदा फोन लावला. उचलला नाही.