मागच्या दाराचा पोचा

१० नोव्हेंबर, सोमवार

गाडीच्या मागच्या डाव्या दाराला पोचा! हातभर लांब, वरचा रंग खरवडलेला. सकाळी सोमनाथ दूध आणायला खाली गेला तेव्हा त्याला दिसला. वर येऊन म्हणाला, "काल कुठं लागली का?" पस्तीस वर्षांच्या संसारात या सुराची मला ओळख झाली आहे. मी म्हणाले, लागली नाही, लावली. कुणीतरी लावली आणि निघून गेला.

काल औरंगपुऱ्यातल्या सभागृहात माझं व्याख्यान होतं. विषय — बाईचं काम आणि बाईचा पगार. दीड तास बोलले. शेवटी एका गृहस्थांनी उभं राहून विचारलं, "मग पुरुषांनी काय घरी बसायचं?" उत्तर दिलं, टाळ्याही पडल्या. पण खरं सणसणीत उत्तर सुचलं ते गाडीत बसल्यावर. घरी येईपर्यंत तेच मोठ्यानं म्हणत होते. त्या गृहस्थांना पुरतं निरुत्तर केलं — ते तिथं नव्हते एवढंच.

म्हणजे मी वर बोलत असताना खालच्या पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी ठोकली. पार्किंग सांभाळणाऱ्या बाईंनी पाहिलं नाही, किंवा पाहून सोडून दिलं. उद्या जाते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

गेले आणि बोलले.

पार्किंगवर दगडाबाई असतात. पन्नाशीच्या, साडीवर खाकी जाकीट, गळ्यात शिट्टी. दीड वर्षापूर्वी सभागृहाच्या कमिटीशी भांडून हे काम एका बाईला द्यायला मीच लावलं होतं. "बाईला गाड्या सांभाळता येतील का?" असं विचारणाऱ्यांना मी तेव्हा चांगलंच ऐकवलं होतं. म्हणून आज राग दुप्पट.

त्या म्हणाल्या, "बाई, माझं जरा ऐकता का—"

मी म्हणाले, "आधी माझं पूर्ण होऊ द्या."

पूर्ण व्हायला पंधरा मिनिटं लागली. जबाबदारी म्हणजे काय, विश्वास म्हणजे काय, एका बाईच्या हलगर्जीपणाची किंमत मागून येणाऱ्या सगळ्या बायकांना कशी मोजावी लागते. माणसं गोळा झाली. सभागृहाचा व्यवस्थापक सत्यम जिन्यावरून धावत खाली आला. एक रिक्षावाला रिक्षा बंद करून ऐकत बसला. "मॅडम काय बोलते राव!" असं म्हणाला. दगडाबाईंनी आणखी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं.

घरी येताना हलकं वाटलं. खोटं कशाला लिहू?

१२ नोव्हेंबर, बुधवार

निजामुद्दीनभाई डेंटर शनिवारी या म्हणतात. तोवर पोचा घेऊन हिंडायचं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सत्यमचा फोन. आवाजात उत्साह. "मॅडम, तुमची तक्रार कमिटीपुढं ठेवली. त्या बाईला काढून टाकलं. एक तारखेपासून पुरुष माणूस ठेवतोय. कमिटीतले म्हणतच होते, बाईमाणसाचं ते काम नाही. आता तुम्हीच म्हणालात म्हटल्यावर प्रश्न मिटला."

मी हे म्हणाले नव्हते! मला माफी हवी होती, फार तर ताकीद. कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नव्हता. सत्यमला तसं सांगितलं, तर म्हणतो, "पण मॅडम, तुमचं बोलणं सगळ्यांनी ऐकलंय."

जेवताना सोमनाथला सगळं सांगितलं. जबाबदारी बाईला आणि पुरुषाला सारखीच, चूक ती चूक, वगैरे. तो वरणात भात कालवत राहिला. मग म्हणाला, "त्यांचं काय म्हणणं होतं?"

कुणाचं?

"त्या बाईंचं."



१५ नोव्हेंबर, शनिवार

निजामुद्दीनभाईंचं गॅरेज हर्सूलच्या रस्त्याला. पत्र्याची शेड, बाहेर पाण्याचा माठ. मी गाडीतून उतरता उतरताच सुरुवात केली — पार्किंगमधली बेफिकिरी, ठोकून पळणारे लोक. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. दारापुढं उकिडवे बसले, पोच्यावरून पुढून मागं बोट फिरवलं, मग नखानं काहीतरी खरवडून तळहातावर घेतलं.

"इसको कोई ठोक्या नै, मॅडम."

म्हणजे?

मग ते मराठीत आले. "उभ्या गाडीला दुसरी गाडी लागली तर खड्डा एकाच जागी बसतो. ही बघा, रेघ पुढं बारीक आहे, मागं जाता जाता खोल होत गेलीय. गाडी चालू होती. चालवणाऱ्यानं डावीकडं लवकर वळवली, आणि पोटाशी खांब आला." तळहात पुढं केला. पिवळ्या रंगाचा कपचा, त्याला चिकटलेलं सिमेंट. "आता पिवळ्या रंगाची सिमेंटची गाडी मी तरी पाहिली नाय अजून."

मी म्हणाले, असं कसं होईल, मला आवाज नसता आला?

"रेडिओ लावला असंल."

रेडिओ नव्हता लावला. मी होते.

गाडी त्यांच्याकडं ठेवली. बुधवारी देतो म्हणाले. रिक्षानं घरी आले.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी पार्किंगमध्ये गेले. पिवळे खांब सहा. तिसऱ्यावर, माझ्या कमरेच्या खाली, करड्या रंगाचा लांब ओरखडा. माझ्या गाडीचा करडा. मी बोट लावून पाहिलं. आणखी काय पुरावा पाहिजे?

दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये, हे मी किती व्यासपीठांवरून सांगितलं असेल! त्याच्यावर कपाटभर पुस्तकं आहेत घरात. आणि समोर उभी असलेली बाई "ऐकता का" म्हणाली, तर मला ऐकू आलं नाही.

सत्यमकडून पत्ता घेऊन तशीच हर्सूलला गेले. दगडाबाई दारात बाजेवर बसून मेथी निवडत होत्या. मी उभ्यानंच म्हणाले, गाडी मीच खांबाला घासली. तुमची काही चूक नव्हती.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "म्या बघितलं ना. शिट्टी मारली, लई मारली. गाडीच्या पत्र्यावर हात बी आपटला. तुमी आत एकल्याच हात हालवून बोलत व्हत्या. मला वाटलं फोनवर भांडायल्या."

"मग मंगळवारी सांगितलं का नाही?"

"कवा सांगू? तुमी मधी श्वास तरी घेतला का?"

आतून सुनेच्या हसण्याचा आवाज आला. दगडाबाईंनी "गप गं" म्हटलं, पण त्यांनाही हसू आवरेना. मग मलाही.

लाज वाटली, खूप वाटली. पण तिच्याबरोबर, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखंही वाटलं. कुणी लबाड नव्हतं, कुणी पळालं नव्हतं. आणि बाईला हे काम जमतं, हे माझं म्हणणं खरंच होतं. त्यांनी पाहिलं होतं, सावध केलं होतं, आपलं काम चोख केलं होतं. एवढं सगळं नीट असताना चूक फक्त माझी निघाली, तर ती मला परवडते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सत्यमला कमिटी बोलवायला लावली. सहा जण. पाच वाक्यं बोलले: गाडी मी घासली. दगडाबाईंनी मला थांबवायचा प्रयत्न केला. मी त्यांचं ऐकलं नाही. माझा आरोप खोटा होता, तो मी मागं घेते. त्यांना परत घ्या.

एक जुने सभासद म्हणाले, "मॅडम, तुमचं भाषण पहिल्यांदाच वेळेच्या आत संपलं." सगळे हसले, मंजुरी झाली, चहा आला. सत्यम म्हणाला, "मी कळवतो त्यांना."

मिटलं! आज झोप लागेल.

१९ नोव्हेंबर, बुधवार

गाडी मिळाली. दारावरून डोळे मिटून हात फिरवला, पोचा कुठं होता ते कळत नाही. निजामुद्दीनभाई म्हणाले, "उन्हात बघा, मग सांगा." उन्हात पाहिलं. रंग तोच, चमक तीच. सोमनाथ खाली येऊन दोन्ही बाजूंनी फिरला आणि "बरं झालं" म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, असं मी धरून चालते.

दगडाबाई मात्र अजून कामावर आलेल्या नाहीत, असं सत्यम म्हणतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दगडाबाईंचा फोन.

"बाई, म्या नाय येणार."

का? सगळं मिटवलंय मी. कमिटीशी बोलले, सगळ्यांनी मान्य केलं—

"व्हय. तुमी बोलल्या, म्हणून काढलं. तुमी बोलल्या, म्हणून घेतलं. आदी ठिवलं, ते बी तुमीच बोलल्या म्हणून. मला कुणी काय इचारलं का?"

 याचं उत्तर गाडीत बसल्यावरही सुचलं नसतं.

विचारलं, मग काय करू या?

"मला बोलू द्या त्यांच्याशी. तुमी या पायजे तर. पर बोलायचं नाय."

सत्यमला फोन केला. तो म्हणाला, "त्या काय बोलणार, मॅडम?" मी म्हणाले, ते मला माहीत नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, असं वाक्य मी फार दिवसांनी बोलले.

२३ नोव्हेंबर, रविवार

दगडाबाई कमिटीपुढं उभं राहून बोलल्या. मी मागच्या खुर्चीत, तोंड मिटून. कामावर येईन म्हणाल्या, पण पार्किंगमध्ये शब्द त्यांचा चालणार. जो ऐकणार नाही, त्याची गाडी महिनाभर आत नाही. "पयलं नाव ह्या बाईंचं लिवा." सत्यमनं माझ्याकडं पाहिलं. कुणाची हरकत आहे का, त्यानं विचारलं. मी गप्प. मंजूर झालं. उद्यापासून त्या कामावर, आणि मी रिक्षानं.