तात्या, तुमच्या मापाची फट

आवं तात्या,

थांबा, आज मधे बोलू नका. जिवंत होता तेव्हा माझं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाहीत. आता मीच बोलणार. मला एवढंच सांगा, ही गोष्ट मला तुमच्याकडून न कळता काकीकडून का कळावी?

काल संध्याकाळी कळली. आणि आता सकाळी मी गुहेच्या तोंडाशी, तुमच्या बसायच्या दगडावर बसून फोनवर हे लिहितेय. खाली कडेगावकडचा ऊस दिसतोय. सागर आणि बाकीची पोरं हेल्मेटच्या लाइटमध्ये सेल भरतायत. ऊन तापायला लागलंय आणि गुहेतनं तो गार वारा पायावर येतोय. मेंढरं पण आलीत, नेहमीसारखी तोंडाशी चिकटून बसलीत. त्यांच्यामुळंच तर तुम्हाला ही गुहा सापडली, व्हय ना? भर उन्हाळ्यात मेंढरं एकाच खडकाला का चिकटतात, हे बघायला तुम्ही वर चढलात. बाकी कुणीच कसं नाही चढलं?

मला कायम प्रश्न पडायचा. माणूस फौजेतनं सुभेदार होऊन परत येतो, तर ऊस लावतो, पंचायतीला उभा राहतो. तुम्ही गुहा हुडकायला लागलात. आणि एकटे नाही, आमच्यासारखी रिकामी पोरं गोळा करून. गाव आम्हाला बिळातली म्हणायचं. तुम्हाला त्याचं काहीच कसं वाटलं नाही?

आत शेवटाला ती फट. वारा येतो तो तिच्यातनंच, म्हणजे पलीकडं काहीतरी मोठं आहे, हे शेंबड्या पोराला पण कळतं. आणि दर वेळी तिथनंच परत. कारण तुमचा नियम: ज्याचा घेर सगळ्यात मोठा, तो सगळ्यांचं माप. माप पुढं, बाकीचे मागं त्याचे पाय धरून. माप फटीतनं गेलं नाही, तर कुणीच जायचं नाही. आत कुणी पडलं तर प्रत्येकाला त्याच्यापर्यंत पोचता आलं पाहिजे.

आणि माप कोण? तुम्ही.

सागर किती चिडायचा. "तात्या, तुमच्या पोटापायी आमी जन्मभर हितंच बसायचं व्हय?"

"मग माझं पोट कमी हुईस्तवर बस की रं गड्या. घाई कसली हाय तुला?"

असं म्हणून तुम्ही कोपरापर्यंत हात फटीत घालायचा आणि गप्प उभे राहायचा. आम्ही मागं कुजबुजायचो. काय चाचपत होतात, तात्या? नुसता वारा?

त्यात तुमची ती गोठ्यातली चौकट. फटीचं माप घेऊन जुन्या दाराच्या लाकडाची केलेली. नवीन पोरगं आलं की आधी त्याला चौकटीतनं सरपटवायचं. आणि पोटभर श्वास घेऊन. कुणी श्वास सोडून, अंग चोरून निघालं की तुम्ही त्याला परत मागं ओढायचा. "श्वास सोडून मावतोस ती जागा तुझी न्हाई. आत भ्यालास की छाती फुगतीच. मग काय करशील?" तुम्ही स्वतः मात्र त्या चौकटीत कधी डोकं घातलं नाहीत. आम्हाला वाटायचं, लाजत असतील.

आता काल काय झालं ते ऐका. मी तुमच्या घरी काकीला भेटायला गेले. काकीनं चहा टाकला आणि सहज म्हणाली, "तुला ठावं हाय का शीतल, ह्यांनी त्या चौकटीतनं जाऊन बघितलं हुतं."

"कवा?"

"आजारपणात, शेवटी शेवटी. पार वाळलं हुतं बघ. एका दुपारी म्हणाले, मला गोठ्यात ने. म्हटलं, म्हशीला भेटायचं असंल. तर आडवं झालं नि चौकटीत शिरलं. मी ओरडतीया, त्यांस्नी काय ऐकू येतंय? गेलं की पलीकडं. म्हशीच्या पुढ्यात बसून हसाय लागलं. मावलो गं, म्हणाले. मी म्हटलं, मावलासा, आता वैरण टाकू का?"

आम्ही दोघी हसलो. मग काकी पदर तोंडाला लावून बसली. म्हणाली, "मला म्हणाले, पोरांस्नी सांगू नको. मी मावलो म्हणजे वाट उघडली असं समजत्याल. मावाय मावतो, पर कुणाला ओढून काढायचा जोर कुठं राहिलाय माझ्यात."

तात्या, आम्ही तुम्हाला पाठीवर घेऊन वर आणलं असतं. फक्त फटीशी. एकदा डोकं आत घालून बघितलं असतंत, मग खाली. विचारायला काय झालं होतं? एवढी वर्षं वारा खाल्लात, तुम्हाला बघायचं नव्हतं का? का बघायचं होतं म्हणूनच नाही सांगितलंत?

तुम्ही गेल्यावर सगळ्यात मोठा घेर कुणाचा, हे मोजायची गरजच पडली नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले. सागर म्हणाला, "आता तू माप." मी त्याला बाटली फेकून मारली. मग आठवलं, डोंगरावर भाकरी सोडली की तुम्ही माझ्या हातावर एक जास्त ठेवायचा. "खा गं, तू माझ्या गादीवर बसणार हायस." मी चिडायचे. तात्या, ती चेष्टा होती ना?

काल चहा झाल्यावर मी चौकटीत शिरले. श्वास सोडून सहज गेले. पोटभर श्वास घेतला आणि बरगडीशी लाकूड लागलं. घट्ट नाही, नुसतं लागलं. काकी म्हणाली, "किती आवळून केलीया मेली." तेव्हापासून डोक्यात एकच. चौकट फटीएवढीच आहे, का तुम्ही बोटभर कमी धरलीत? तुमचा स्वभाव बघता धरली असणार. पण मेलेल्या माणसाच्या स्वभावावर दगडात शिरायचं का?

पोरांना मी हे सगळं सांगितलंय, बरगडीचं पण. सागर नुसता म्हणाला, "मग श्वास सोड की थोडा."

तर ऐका, शब्द देते. फटीशी मी पुढं असेन, पाय सागरच्या हातात. तिथं मी पोटभर श्वास घेईन. मावले, तर पलीकडं काय आहे ते बाहेर येऊन आधी काकीला सांगेन, तुमच्या वाटणीचं. दगड लागला, तर सगळ्यांना घेऊन परत फिरेन. मग सागर मला जन्मभर शिव्या देईल. आणि परत फिरायच्या आधी मी हात कोपरापर्यंत आत घालून जरा उभी राहीन. निदान तेवढं तरी मला कळू दे.

हाका मारतायत. दोर बांधला कमरेला. घाई कसली हाय, असंच म्हणणार तुम्ही, माहीत आहे मला, पण मी थांबत नाही. निघाले.

तुमच्यानंतरचं माप,
शीतल