वीस बायका, दहा पाट

सोम. ३ फेब्रु.
सुतारानं अखेर पाट दिले. दहा. बुटके, मागं पाठीला टेकू. टमटममध्ये घालून विडीच्या शेडवर नेले. सोबत पल्लवी, माझी तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, सदलग्याची. संख्याशास्त्राचा प्रोजेक्ट तिचा, धावपळ माझी.
शेडमध्ये वीस बायका. दिवसभर मांडीवर सूप, वाकून विड्या वळायच्या. त्यातली एक माझी आक्का. कंबर दिवाळीपासून धरलीये. घरी बस म्हटलं की दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. पेन्शनला दोन वर्षं राहिलीत.
मॅनेजर मगदूमआण्णांचा सौदा सरळ. टेकूनं काम वाढतं हे दाखवा, वीसच्या वीस जणींना पाट करून देतो. नाही दाखवलं तर हेही दहा उचला. "लेक्का पक्का बेकू, म्याडम. आकडे पक्के पायजेत. बायका काय म्हणत्यात ते नको."
आकडे मिळतील म्हटलं. अकरा वर्षं हेच तर शिकवतेय.

मंगळ. ४
पोचते तर पाट वाटून मोकळे! म.नी (मगदूमआण्णांनी) शेडमधल्या सगळ्यात चपळ दहा जणींना दिले. "चांगल्या कामाला चांगलं सामान." अहो, त्या खड्ड्यात बसवल्या तरी जास्तच वळतील! मग टेकूचं काय कळणार?
सगळे परत घेतले. वीस नावांच्या चिठ्ठ्या. दहांना पाट, दहा जमिनीवर, दोन आठवडे. पल्लवीनं डोळे मिटून उचलल्या. आक्काचं नाव निघालं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

शुक्र. ७
तीन दिवस पाण्यात. न सांगता गेले तर पाटांवर भलत्याच बायका. सकाळी एक, जेवणानंतर दुसरी. पल्लवीच्या वहीत मात्र सगळं चिठ्ठीप्रमाणं, सुवाच्य अक्षरात. आक्काचा पाट पहिल्या दिवसापासून शेजारणीखाली.
घरी आल्यावर भांडण.
"आक्का, चिठ्ठी तुझी निघालीवती ना?"
"मग? तिला कंबर न्हाय व्हय? एकीला द्यायचं नि दुसरीनं बघत बसायचं, हे कुठलं गं तुझं शास्त्र?"
मी आणखी जोरात ओरडले.

शनि. ८
चहा घेताना डोक्यात उजेड. बायका बरोबर, मी गाढव. प्रत्येकीला पाट द्यायचाच. एक आठवडा टेकू, एक आठवडा जमीन. आधी काय, ते चिठ्ठीनं. मग हिची तिच्याशी तुलनाच नको, प्रत्येकीची स्वतःशीच. कोण चपळ, कोण थकलेली, हा प्रश्नच उरत नाही. दरवर्षी फळ्यावर लिहिते हे. शेडमध्ये शिरताना डोकं बाहेर काढून ठेवते बहुतेक.
बायका राजी. म.ही राजी.

बुध. १२
सुरू करण्याआधी जुने आकडे बघू म्हणून पल्लवीला शेडची वही उतरवायला लावली. आणलं काय? प्रत्येक नावापुढं हजार. रोज हजार. महिनाभर, वीसही जणींचे हजार!
"मोजलंस की नुसतं खाली ओढत गेलीस?"
पोरगी रडवेली. वही खरीच तशी होती. उगाच बोलले तिला. माफी मागायची राहिली.
संध्याकाळी वही घेऊन आक्कापुढं. ती गवारी मोडत होती.
"हजार भराय नगोत? नायतर पटावरनं नाव जातंय."
"पण सगळ्यांच्या अगदी हजार कशा?"
"जिच्या कमी पडत्यात तिच्या सुपात बाकीच्या मुठी टाकत्यात. पाचजणींचं कोंडाळं असतंय, त्यातल्या त्यात. समद्यांच्या भरल्या की समद्या एकदम उठायच्या. माज्या सासूपासनं हाय हे."
"तुझ्या किती कमी पडतात?"
गवारी मोडत राहिली. मग, "सातशे हुत्यात. कवा साडेसहाशे."
मला एवढी वर्षं माहीत नव्हतं. एका घरात राहून.

गुरु. १३
दिवसभर चिडचिड. वर्गात नावं न घेता उदाहरण म्हणून घातलं. सगळे एका सुरात, "म्याडम, मुठी टाकणं थांबवायचं. जिचं तिचं वेगळं मोजायचं." शाबास! बरोबर उत्तर. मीच शिकवलंय.
म्हणजे दोन आठवडे कुणी कुणाला मदत करायची नाही, मग प्रत्येकीचे दोन आठवड्यांचे दोन आकडे, वीस स्वच्छ जोड्या. आणि म.च्या टेबलावर आक्काच्या नावापुढं साडेसहाशे, माझ्या विद्यार्थिनीच्या सुवाच्य अक्षरात.

शनि. १५
मार्ग एकच दिसतो. बाई मोजायचीच नाही, कोंडाळं मोजायचं. कोंडाळी चार. सगळ्यांच्या भरून ते किती वाजता उठतं, ते लिहायचं. दोन कोंडाळ्यांना आधी पाट, उरलेल्या दोनांना नंतर. टेकूनं फरक पडत असेल तर लवकर उठतील. मुठींना धक्का नाही.
म.ना सांगितलं. कपाळाला आठ्या. "नावानं का नको?" म्हटलं, एकत्र बसतात, एकीचा हात चालला की सगळ्यांचा चालतो. हे खोटं नाही. पुरतं खरंही नाही.
"पर चारच आकडे हुत्यात की हो. त्यात काय दिसणार?"
हाच प्रश्न मी परीक्षेत विचारते. आणि नेमका ह्या माणसाला पडावा! चार जोड्यांत मोठा फरक पडला तरच दिसेल. थोडा पडला तर काहीच सिद्ध नाही, पाट गेले, आणि आक्काची कंबर आहे तिथंच. विसांचं केलं तर पाट मिळतील बहुतेक, त्यावर बसायला आक्का नसेल.
चारांचं करणार. पल्लवीला कारण सांगितलं. नुसती मान हलवली तिनं. तिच्या मार्कांचं काय, हे तिनंही विचारलं नाही, मीही नाही.

सोम. १७
चार चिठ्ठ्या, दोन उचलायच्या. आक्काचं कोंडाळं निघालं नाही. पहिला आठवडा जमीन. नेमकं आज सकाळी तिला पलंगावरून हात धरून उठवलेलं.
मी चिठ्ठ्या पुन्हा घडी करायला लागले. कळलंच नाही हात कधी गेला ते. पल्लवी बघत होती.
आक्का म्हणाली, "सुजे, निघालं ते निघालं. परत काढायचं हुतं तर पयल्यांदा कशाला काढलंस?" आणि बसली खाली.
संध्याकाळी घड्याळ घेऊन उभी. पाटवाली दोन्ही कोंडाळी उठली. त्यांच्यामागं जमिनीवरचं एक. फरक फार नाही. एका दिवसावर काही ठरत नाही, हे मी स्वतःला तीनदा सांगितलं. आक्काचं कोंडाळं अजून बसलेलं. मग शेजारणीनं मूठ उचलून आक्काच्या सुपात टाकली. दुसरीनं टाकली. मी मान वळवली तर मगदूमआण्णा दारात. किती वेळ उभे होते कोण जाणे.
पल्लवीकडून वही मागून घेतली, आजचं पान बघितलं, परत दिली. त्यांनी मुठी टाकताना पाहिलं की नाही, हे त्यांना विचारायची सोय नाही. उद्या नऊ वाजता पुन्हा शेडवर जायचंय.