माळावर झाडं नकोत

सोलापूर

प्रिय अद्वैत,

फोनवर तू घाईत असतोस आणि मी जेवलास का, झोपलास का एवढंच विचारून ठेवून देते. म्हणून आज लिहायला बसले. सावकाश वाच.

बाबांच्या नावानं आपल्या माळावर हजार झाडं लावायचं तू सांगितलंस, तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. कॉलनीत सगळ्यांना सांगून आले, तुझी कंपनी रोपं देणार, फलकावर ‘गंगाधर स्मृतिवन’ असं नाव लागणार म्हणून. मग वाटलं, रोपं यायच्या आत एकदा जागा तरी बघून यावी. बाबा गेल्यानंतर मी तिकडं फिरकले नव्हते. कुंभारीपर्यंत बसनं गेले, पुढं चालत. यंदा पाऊस चांगला झालाय. गवत गुडघ्याला लागत होतं आणि वाऱ्यानं सगळा माळ एका अंगाला कलत होता. दिवसभर फायलींत मान घालून बसणारा माणूस रविवार उजाडला की भाकरी न् शेंगाचटणी बांधून इथं का येतो, हे मला कित्येक वर्षं कळलं नव्हतं. विचारलं की बाबा म्हणायचे, तिथं नजर कुठं अडत नाही.

गुरप्पा आणि निंगव्वा तुला आठवत असतील. त्यांची मेंढरं तुझ्या आजोबांपासून आपल्या माळावर चरतात. मी पोचले तेव्हा निंगव्वा पूर्वेच्या उतारावर ओरडत होती. एक मेंढी वेड्या बाभळीच्या जाळीत शिरून अडकली होती. तू लहान होतास तेव्हा तिथं चार-दोनच झुडपं होती. पूर्वी कुणीतरी सरपणाला होईल म्हणून बाहेरून आलेलं ते झाड लावलं. मेंढरांनी शेंगा खाल्ल्या, लेंड्यांतून बी माळभर गेलं. आता अख्खा उतार काटेरी झालाय, आणि खाली गवताची काडी नाही. गुरप्पानं कुऱ्हाडीनं वाट केली, मेंढी ओढून काढली. तिच्या डोळ्यात काटा घुसला होता. गुरप्पा काटा काढताना तिचं डोकं मी मांडीवर दाबून धरलं. डोळा गेलाच. निंगव्वा म्हणाली, “लई तोडलं बाई, पण तोडलं की दुप्पट फुटतंय. पोरं म्हनत्यात, मेंढरं इकून टाका. इकून काय करायचं, सांगा की.” साडीला रक्त लागलं होतं, तशीच घरी आले.

त्या रात्री तू पाठवलेली रोपांची नावं पुन्हा वाचली. गिरिपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ. तुझ्या वर्गातली उर्वी आता इथं कॉलेजात शिकवते, माळावरच्या पक्ष्यांचा अभ्यास करते. ही झाडंही वेड्या बाभळीसारखी पसरतील का, हे विचारायला तिला घरी बोलावलं. ती आधी बोलेचना, तुला वाईट वाटेल म्हणून. मग म्हणाली, “काकू, सुबाभूळ लावाल तेवढीच राहणार नाही, ती बी सोडत पसरते. आणि चंडोल, माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. झाडं वाढली की त्यांवर कावळे बसतील आणि वरून अंडी हेरतील. सावली वाढली की गवत जाईल, गवत गेलं की किडे जातील, मग पाखरंही.” मी विचारलं, किती वर्षांत? ती म्हणाली, “लांबून हिरवंगार दिसेल, त्यामुळं कुणाच्या लक्षातही येणार नाही.” हे वाक्य डोक्यातून जाईना. आपण म्हातारे होऊन मरून जाऊ, तुझी मुलं येतील, बाबांच्या नावाची पाटी वाचतील आणि इथं आधी काही नव्हतंच असं समजतील.

एक गोष्ट मी आजवर बोलले नाही. बाबा गेले त्या दिवशी तुझं विमान उतरलं तेव्हा सगळं संपलं होतं. तू दारात चप्पलही न काढता उभा राहिलास, आणि तेव्हापासून तू इथं एक दिवसही राहिलेला नाहीस. नुसतं काही ना काही पाठवत असतोस. आधी पाणी शुद्ध करायचं यंत्र, मग टीव्ही, आता हजार झाडं. बाळा, बाबा तुझ्यावर रागावून गेले नाहीत. शेवटच्या सकाळी मला म्हणाले, त्याला धावपळ करू देऊ नको, येईल तो. एवढंच.

काल तुझा ट्रक आला. मी आणि गुरप्पा रस्त्यातच उभे राहिलो आणि रोपं न उतरवताच तो परत पाठवला. ड्रायव्हर वैतागला, तुझ्या ऑफिसातून तीन फोन आले, मी उचलले नाहीत. तुला न विचारता केलं, ते तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. जमीन ओली आहे तोवर वेड्या बाभळीची लहान रोपं मुळासकट निघतात. निंगव्वा, गुरप्पा आणि मी रोज सकाळी थोडी थोडी उपटतोय. माझी कंबर फार साथ देत नाही. रजा काढ, जाड बूट घेऊन ये, आणि या वेळी राहायला ये.

तुझीच,
आई